दोन सहस्रनामांचं अंतर

सुचेताच्या घरात घड्याळ होतं, पण घर त्याच्यावर चालत नसे. दूध तापायला एक माळ, भाताला तीन माळा, आणि डाळ कुकर न लावता शिजवायची असेल तर एक पुरतं सहस्रनाम, असा तिचा हिशेब. तो तिला सासूबाईंनी घालून दिला होता. गिरगावातल्या खोलीत स्वयंपाकघर आणि देवघर एकाच भिंतीला होतं, त्यामुळे हात शेगडीशी आणि तोंड देवाशी, ही सवय आपोआपच लागली. सासूबाई गेल्या, गिरगाव सुटलं, भाईंदर पूर्वेला ब्लॉक झाला, तरी हिशेब तोच राहिला. बिल्डिंगमधल्या बायका थट्टा करायच्या, "वहिनी, स्टेशनला जायला किती वेळ लागतो हो?" सुचेता हसून सांगायची, "रिक्षा मिळाली तर एक माळ. चालत गेलीस तर तीन."

थट्टा होती, पण खोटं नव्हतं. इतक्या वर्षांत तिची डाळ कधी लागली नव्हती आणि कधी कच्ची राहिली नव्हती.

तिची एकुलती एक लेक इशिता विमान चालवायला शिकत होती. बारामतीला होस्टेलवर राहायची. हे वेड तिच्या डोक्यात कुठून शिरलं, हे सुचेताला कधी कळलं नाही. भाईंदरच्या गच्चीवर वाळवणं घालताना डोक्यावरून विमानं जायची, तेव्हा पोरगी पापडांवरचं फडकं सोडून वर बघत उभी राहायची, एवढंच आठवायचं. आता सुचेताही बघायची. कुठलंही विमान गेलं की हातातलं काम थांबवून "नारायण, नारायण" म्हणायची. त्यात आपली पोर नाही हे तिला ठाऊक होतं. पण कुणाची तरी असेलच की.

आणि आज इशिता एकटी जाणार होती. शेजारी शिकवणारे सर नाहीत, कुणी नाही. बारामतीहून उडायचं आणि लातूरला उतरायचं.

"हे बघ," सकाळी ऑफिसला निघण्याआधी तिच्या नवऱ्याने, पंढरीनाथांनी, जुन्या कॅलेंडरमागचा महाराष्ट्राचा नकाशा टेबलावर पसरला होता. "ही बारामती. हे लातूर. गाडीने गेलीस तर पाच तास. रस्ता वळणं घेत जातो ना. वरून सरळ रेघ. दोनशे किलोमीटर."

सुचेताने नकाशावर बोट ठेवलं. करंगळीच्या दोन पेरांत सगळं मावलं. "एवढंच?"

"एवढंच. पण विमान छोटं आहे. आपल्या डोक्यावरून जातात तसलं धूड नव्हे. सव्वा तास धर."

"सव्वा तास म्हणजे..."

"दोन सहस्रनामं आणि वर एक माळ," पंढरीनाथ म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनाही ती भाषा येऊ लागली होती. मग बूट घालता घालता थांबून म्हणाले, "सुचेता, फोन करायचा नाही हं."

"नाही करणार."

"मागच्यासारखं नको."

मागचं तिला सांगायची गरज नव्हती. इशिता पहिल्यांदा एकटीने उडाली होती, नुसती विमानतळाभोवती एक फेरी, तेव्हा सुचेताला अर्ध्या तासात निरोप आला नाही. तिने न राहवून थेट तिच्या सरांना फोन लावला. सरांनी तो सगळ्या पोरांसमोर घेतला. तेव्हापासून होस्टेलची पोरं इशिताला "आईचा कंट्रोल टॉवर आला का?" म्हणून चिडवायची. इशिता भांडली नाही. तिने फक्त सांगणं बंद केलं. त्यानंतर ती किती वेळा उडाली, कुठे गेली, सुचेताला सगळं मागाहून कळायचं, तेही पंढरीनाथांच्या तोंडून, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. पोर आभाळात असताना आपण खाली निवांत भेंडी चिरत होतो, ही गोष्ट सुचेताच्या जिवाला फार लागली.

या वेळी मात्र इशिताने आपण होऊन सांगितलं होतं. "आई, गुरुवारी जातेय. निघताना मेसेज करीन, उतरल्यावर फोन करीन. मधे तू कुणालाही फोन करायचा नाहीस. मला नाही, सरांना नाही, बाबांनाही नाही. केलास तर यापुढे मी काही सांगणार नाही. खरंच नाही सांगणार."

"आणि जाताना काय काय लागतं गं वाटेत?" सुचेताने विचारलं होतं.

इशिता हसली होती. "टोलनाके नसतात आई. खाली उजनीचं पाणी दिसतं, मोठ्ठं. मग बार्शी. मग लातूर. तिथे एक धावपट्टी, एक छोटी इमारत, वारा दाखवणारी कापडाची पिशवी. संपलं."

तेवढं सुचेताने मनात जपून ठेवलं. पहिल्या सहस्रनामाच्या मध्यावर उजनी. दुसरं लागता लागता बार्शी, म्हणजे तिथे भगवंताचं देऊळ आहेच. मग लातूर.

गुरुवार मार्गशीर्षातला होता. पहाटे तिने घट मांडला, कलशाला नथ घातली, वेणी माळली. उपास तर होताच, त्यावर तिने आणखी एक नेम धरला. पोर जमिनीला लागेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा आज कानात टोचत होता, म्हणून तिने ते काढून कपाटात साड्यांखाली पालथं ठेवून दिलं. राहिला फोन. फोन घरात असला तर आपला हात आपल्या ताब्यात राहणार नाही, हे ती स्वतःला ओळखून होती.

पोरीचा मेसेज आला, "निघते आई," आणि सुचेताने किती वाजले तेही न बघता फोन उचलून शेजारचं दार वाजवलं.

शेजारी मंजुळामावशी राहायच्या. मूळच्या पेणकरपाड्याच्या. त्यांच्या सासरची मिठागरं होती. मिठागरं गेली, इमारती आल्या, मुलगे आपापल्या ब्लॉकमध्ये गेले, आणि मावशी सत्तरी उलटल्यावरही एकट्या, कुकरला घाबरून, जाड बुडाच्या टोपात रांधत होत्या. "ती शिट्टी वाजली का मना वाटतं पोलीस आला," म्हणायच्या. सुचेता शाकाहारी, मावशींना बोंबलावाचून घास उतरत नसे. तरी सुचेताच्या उपासाच्या दिवशी मावशी आपण होऊन खिडकी लावून घ्यायच्या. दोघींत कधी शब्दाने शब्द वाढला नव्हता.

"मावशी, हा फोन ठेवा. वाजला तर मला हाक मारा. पण मी मागायला आले तर देऊ नका."

मावशींनी फोन हातात घेऊन उलटासुलटा केला. "तुझाच फोन, आनि तुलाच द्याचा न्हाय?"

"नाही द्यायचा. इशिता उडालीय. एकटी. फोन जवळ असला की मी करीन. मला दोन सहस्रनामं आणि एक माळ होईपर्यंत देऊ नका. नंतरही देऊ नका. तिचाच येईल."

"बरं बाय," मावशींनी फोन कमरेला खोचला. "दोन वाचनार म्हनतेस? मंग मी काले वाटाने टाकते. संध्याकालला उपास सोडशील तवा तुला उसल."

सुचेता पाटावर बसली. समईत तेल घातलं, वात सारली, डोळे मिटले आणि सुरू केलं.

पहिली शंभरेक नावं नीट गेली. एकेक नाव ओठांवर यायचं, पुरतं उमटायचं आणि पुढच्याला जागा द्यायचं. तिला दिसत होतं की विमान धावपट्टी सोडतंय, ऊस हिरवागार आहे, पोरीने कपाळावरचे केस मागे सारलेत. मग दाराची बेल वाजली. पुन्हा वाजली. पाठ चालू असताना सुचेता उठत नसे आणि बोलत नसे. बाहेर कुणीतरी ओरडलं, "मॅडम, कुरियर! ओटीपी बताइए!"

शेजारचं दार उघडलं. "अरे, वो पूजा में बैठी हाय," मावशींचा आवाज आला. "बेल मत बजाव."

"अम्मा, ओटीपी फोन पे आया होगा."

"फोन मेरे कमर में हाय. वो नहीं देने का. बाद में आव."

"किसको नहीं देने का?"

"किसीको भी नहीं देने का! जा रं बाबा."

जिना उतरणाऱ्या चपला ऐकू आल्या. सुचेताला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आणि तेवढ्यात पाचशेच्या पुढची नावं आली. म्हणजे उजनी आली.

पाणी. तिने उजनी कधी पाहिली नव्हती. पण पाणी म्हटल्यावर तिला भाईंदरची खाडी दिसली, भरतीची, काळसर, काठ न दिसणारी. त्याच्यावर एक छोटं विमान, त्यात एकटी पोर. खाली उतरायला हातभर कोरडी जागा नाही. हे पाणी लवकर सरू दे रे देवा, तिला वाटलं. लवकर सरू दे. आणि ओठ आपसूक भराभर हलू लागले. जणू नावं म्हणजे वल्ही होती आणि तीच मारत होती.

पाणी सरलं. ओठांचा वेग मात्र सरला नाही. बार्शी आली कधी आणि गेली कधी. भगवंताला हात जोडायचे राहिलेच. दुसरं सहस्रनाम संपलं, माळ संपली, मेरुमणी बोटाला लागला. सुचेताने डोळे उघडले.

समई शांत जळत होती. शेजारून हाक आली नव्हती.

तिने आणखी एक माळ केली. हाक नाही. गळ्यात कोरड पडली होती. तिसरी माळ अर्ध्यावर आली आणि तिच्या हातून ती तशीच घटासमोर ठेवली गेली. आजवर तिने माळ अर्धी ठेवली नव्हती. उठून ती अनवाणी शेजारी गेली.

"वाजला?"

मंजुळामावशी टोपासमोर स्टुलावर बसल्या होत्या. "न्हाय बाय."

"बघा तरी. आवाज बंद झाला असेल."

मावशींनी कमरेचा फोन काढून दाखवला. "उजेड पन न्हाय आला. मी सारकी बघतेय."

"मावशी, उशीर झालाय. दोन झाली, माळ झाली, वर आणखी दीड माळ झाली. ती उतरायला हवी होती. द्या फोन."

"तूच बोललीस देऊ नको."

"आता मीच सांगतेय द्या!"

"आता मागनारच व्हतीस, म्हनून तर बोललीस."

सुचेताच्या डोळ्यांत पाणी आलं. आवाज चढला. मावशींनी तिचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. "तुम्हाला काय कळतंय मावशी? एकटी आहे ती वर! काही झालं असलं म्हणजे? मी इथे घंटा वाजवत बसू? निदान किती वाजता निघाली ते तरी बघू द्या, मेसेजमध्ये असेल."

"आनि बघता बघता नंबर दाबशील." मावशींनी फोन पुन्हा कमरेला खोचला. "मंग पोर तुला कदीच सांगनार न्हाय. ही गोष्ट तूच रडत रडत मना सांगितलीस, दिवालीत."

सुचेता भिंतीला टेकली. फोन केला तर पोर यापुढे सांगणार नाही. न केला आणि खरंच काही झालं असेल तर? दोन्हीकडून पाणीच होतं.

मावशी टोपाकडे वळल्या. त्यांनी टोपावरचं झाकण काढलं, पळीने चार वाटाणे बाहेर घेतले, फुंकर घातली, आणि एक दोन बोटांत धरून दाबला. दाबला जाईना. दुसरा घेतला. तोही तसाच. त्यांनी तो सुचेताच्या तळहातावर ठेवला.

"दाब."

"मावशी, मला आत्ता उसळ..."

"दाब तर खरी."

सुचेताने दाबला. साल सरकली, आत दाणा टणक.

"गेली बारा वरसं या भिंतीला माजी चूल हाय," मावशी म्हणाल्या. "तुजं वाचनं आयकू येतं, मना त्यातलं येक अक्षर समजत न्हाय. पन तू सुरू केलंस का मी टोप चढवते. येक वाचलंस का माजे वाल शिजले. येकादशीला दोन वाचतेस, तवा काले वाटाने लोन्यासारके. कदी घड्याल बघितलं न्हाय मी. बघ, भिंतीवर हाय का?" भिंतीवर खरंच नव्हतं. "गॅस तोच, टोप तोच, वाटाने रातभर भिजवलेले. आज ते कच्चे हायत. वाटान्याला काय पोरीची कालजी न्हाय, बाय. तो त्याच्या टायमालाच शिजनार."

सुचेताने तो दाणा मुठीत धरला.

"तू पलालीस आज," मावशी हळूच म्हणाल्या. "मना भिंतीतून कललं. नदीला पूर आल्यासारकी वाचत व्हतीस."

"पाणी होतं ना मावशी," सुचेता पुटपुटली. "तिच्या वाटेत पाणी होतं."

"मिठागरात माजी सासू सांगायची, उन्हाला घाई करता येत न्हाय. घाईने पानी काढलंस तर मीठ न्हाय, चिखल मिलतो. जा. बस जाऊन. मी हितं हाय. फोन बी हाय."

सुचेता घरी आली. पाटावर बसायच्या आधी तिने घटासमोर डोकं टेकलं. तिला लाज वाटत होती, आणि ती घाबरल्याची नव्हती. पाचशे नावांपासून पुढे आपण एकही नाव पुरतं घेतलं नाही, नुसती गिळली, ही खरी लाज होती. पोरीला पाण्यावरून पलीकडे न्यायला आपण देवाला धक्के मारत होतो, जणू तो वाटेतच बसलाय. आधी तिने ती अर्धी टाकलेली माळ उचलून पुरी केली. मग सहस्रनाम नव्याने सुरू केलं. हळू. इतकं हळू, की प्रत्येक नावाला तिला श्वास घ्यावा लागला. या वेळी तिने उजनी मोजली नाही, बार्शी मोजली नाही. नाव घेतलं आणि सोडलं, घेतलं आणि सोडलं.

अर्धं झालं नव्हतं, तोच भिंतीपलीकडे फोन वाजला.

सुचेताचे ओठ थांबले नाहीत. पाठ चालू असताना उठायचं नाही. सासूबाईंचं दहावं-बारावं झालं, भूकंपाची अफवा आली, कुकर फुटला तरी तो नेम तिने मोडला नव्हता. आज मोडला असता तर देव रागावला नसता, हेही तिला ठाऊक होतं. पण एकदा धावली होती. दुसऱ्यांदा धावायचं नव्हतं.

दार ढकलून मावशी धावत आल्या, फोन दोन्ही हातांनी प्रसादासारखा धरलेला. हिरवं बटण दाबलं आणि ओरडल्या, कारण फोनवर लांबच्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागतं असं त्यांचं मत होतं. "हालो! इशिता! उतरलीस का गो?"

"उतरले आजी! आत्ताच उतरले! आई कुठाय? ठीक आहे ना ती?"

"ठीक हाय. वाचतेय."

मग इशिताचा आवाज एकदम बारीक झाला. "आजी, तिने फोन केला नाही. उतरल्या उतरल्या सरांना फोन करून विचारलं मी, आईचा फोन आला होता का? म्हणाले, नाही. मला वाटलं तिला काहीतरी झालं."

"झालं काय न्हाय. फोन माज्या कमरेला व्हता," मावशी म्हणाल्या. "तुला काय सांगू, लय मारामारी झाली. थांब, उठवते तिला."

"नको! नको उठवू. फोन तिच्याजवळ धर. मी थांबते."

मावशींनी फोन सुचेताच्या तोंडाजवळ धरला आणि तिच्याशेजारी भुईवर बसल्या. सुचेता म्हणत राहिली. गालांवरून पाणी ओघळत होतं, पण एकही नाव तिने गिळलं नाही. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता, मोकळ्या मैदानातला, आणि मधूनच कुणीतरी इशिताला हाक मारत होतं. "अगं, चल ना, चहा आलाय." आणि इशिता सांगत होती, "एक मिनिट. आईचं व्हायचंय." ते एक मिनिट चांगलंच लांबलं. इशिता गेली नाही.

शेवटचं नाव झालं. सुचेताने हात जोडले, समईला नमस्कार केला, आणि मग फोन घेतला.

"इशू."

"आई. काही खाल्लंस?"

"उपास आहे गं. पाणी पिते आता." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "उजनी दिसली?"

"दिसली. चमकत होती नुसती. ऊन पडलं होतं ना वर. आई, इतकी छान होती, तुला दाखवायला हवी होती."

सुचेताने डोळे मिटून ते पाणी पुन्हा पाहिलं. आता ते खाडीसारखं काळं नव्हतं.

"ऐक," इशिता म्हणाली, "आता परत जायचंय बारामतीला. एवढ्यात निघेन. येताना वारा समोर होता, आता पाठीशी असेल. लवकर पोचेन. मेसेज करते निघताना. चालेल?"

ती विचारत होती. सुचेताने पदराने डोळे पुसले. "चालेल. तू तुझ्या वेळेने ये बाळा. मी सावकाश वाचीन. माझं संपायच्या आत तू उतरलेली असशील."

"इतकं सावकाश?"

"इतकं."

फोन ठेवून तिने तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायलं. मग फोन मंजुळामावशींच्या हातात परत दिला. मावशींनी तो मुकाट कमरेला खोचला आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"वाटान्यात पानी घालते अजून थोडं," त्या दारातून म्हणाल्या. "आनि आयक, आता नीट वाच. न्हायतर रातच्याला दोघींना दगड चावावे लागतील."